पाणी तपकिरी झालं म्हणजे त्यात शिसं होतं, हा दावा खोटा आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरतो. टेबलावर दोन ग्लास, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या सळ्यांचं एक यंत्र बुडवून बटण दाबतात. थोड्याच वेळात नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट हिरवं होतं. आरओचं मात्र जसंच्या तसं. खाली मजकूर: ‘हेच शिसं, आर्सेनिक आणि पारा तुमची मुलं रोज पितात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा आकडा दाखवणारं छोटं यंत्र) घ्या, आकडा ५० च्या आत आला की पाणी सुरक्षित. लॅबची गरज नाही.’ मुलांच्या नावाने घातलेली ही भीती घराघरांत पोचली आहे, म्हणून एकेका दाव्याला उत्तर देतो.

‘तो गाळ म्हणजे पाण्यातले जड धातू.’ नाही, तो गाळ त्या यंत्राच्या सळीचा आहे. या यंत्रात सहसा लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची सळी असते. वीज सुरू झाली की लोखंड विरघळतं, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून त्याचा गंज होतो आणि तोच तरंगताना दिसतो. साधा हिशेब करा. ०.२ अँपिअर प्रवाह अर्धा मिनिट वाहिला, तर सुमारे पावणेदोन मिलिग्रॅम लोखंड सुटतं. पाव लिटरच्या ग्लासात ते झालं लिटरला ७ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्या मर्यादेइतकं शिसं पाण्यात असलं तरी त्याने पाण्याला रंग येत नाही.

मग आरओचं पाणी स्वच्छ कसं राहतं? त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि सळी विरघळत नाही. विक्रेता घरी आलाच, तर त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगा. तेही तपकिरी होईल. मिठाने पाण्यात शिसं आलं असं कोणी म्हणणार नाही.

‘टीडीएस ३०० म्हणजे ३०० भाग घाण.’ मीटर फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि ठरलेल्या गुणकाने त्याचा आकडा दाखवतो. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात हा आकडा वाढतो तो मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटमुळे. मानकात टीडीएससाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. घरगुती मीटरवर सगळ्यात लहान पायरी लिटरला १ मिलिग्रॅमची असते. म्हणजे शिसं मर्यादेच्या ५० पट झालं, तरी लिटरला अर्धाच मिलिग्रॅम. मीटरवर आधी २१२ दिसत असेल, तर नंतरही २१२ च राहील.

‘५० च्या आत म्हणजे सुरक्षित.’ सगळ्यात धोकादायक वाक्य हेच. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या हातपंपांचं पाणी दिसायला नितळ होतं, चवीला ठीक होतं, आणि त्यातल्या आर्सेनिकने लाखो माणसांचं आरोग्य धोक्यात घातलं. आरओचा पडदा शिसं बऱ्यापैकी अडवतो, पण भूजलात अनेकदा आढळणारं आर्सेनिकचं एक रूप (तीन संयुजेचं) त्याला नीट अडवता येत नाही. क्षार गेले म्हणून मीटर खाली आला, तरी आर्सेनिक गेलंच असं त्यावरून म्हणता येत नाही.

‘लॅबची गरज नाही.’ इथे तर प्रयोगशाळेतही डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. नमुन्याची प्लास्टिकची बाटली आधी नायट्रिक आम्लाने धुतात. पाणी भरल्यावर पुन्हा शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणतात. तसं केलं नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात आकडा खोटाच कमी येतो. शिसं नळाच्या जोडातून किंवा जुन्या पाइपमधून येत असेल, तर रात्रभर साचलेलं सकाळचं पहिलं पाणी घ्यावं लागतं. नळ पाच मिनिटं सोडून घेतलेला नमुना ते लपवतो.

प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही चकवा बसतो. धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस या यंत्रात पाण्याचा फवारा आर्गॉन वायूच्या हजारो अंशांच्या ज्वाळेत जातो आणि अणू वस्तुमानाने ओळखले जातात. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. खारट पाण्यातला क्लोरीन (३५) आर्गॉनशी (४०) जुळला की बेरीज तीच, ७५! यंत्रात हेलियम वायू सोडून त्याच्या मदतीने ही जोडी वेगळी काढली नाही, तर नसलेलं आर्सेनिक दिसतं. म्हणूनच दर खेपेला कोरा (धातू नसलेल्या शुद्ध पाण्याचा) नमुना आणि ज्यातलं प्रमाण आधीच माहीत आहे असा नमुना सोबत चालवतात.

शंका असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे जा, आणि मान्यता त्याच धातूच्या चाचणीसाठी आहे ना ते बघा. बाटली त्यांच्याकडूनच घ्या. अहवालात नुसतं ‘आढळलं नाही’ असेल, तर किती प्रमाणापासून पुढे मोजता येतं ते विचारा. शिशासाठी उत्तर ०.०५ मिलिग्रॅम आलं, तर ती चाचणी ०.०१ च्या मर्यादेबद्दल काहीच सांगत नाही. नमुना दुसरीकडे द्या.