सुपर बोलमधला तो पास: 'तीनदा धावले असते' हे खरं नाही

"गोलरेषेपर्यंत एक यार्ड उरलं होतं, हातात तीन प्रयत्न होते. मार्शॉन लिंचला चेंडू घेऊन तीनदा धावू दिलं असतं तर सिअ‍ॅटल जिंकलंच असतं." १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलबद्दल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल, हे अजून ठासून सांगितलं जातं, आणि धावण्याऐवजी पास टाकायला लावणारे सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना वेड्यात काढलं जातं, कारण तो पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडला आणि सामना गेला. हे चूक आहे.

सिअ‍ॅटल २४-२८ असं मागे होतं. दुसऱ्या डाउनला (चारपैकी दुसऱ्या प्रयत्नाला) घड्याळात उरले होते २६ सेकंद, टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा) एकच. धावणारा मैदानात अडवला गेला की घड्याळ चालूच राहतं. पास खाली पडला की थांबतं. म्हणून चेंडू घेऊन तीनदा धावणं वेळेत बसवणं फार अवघड होतं. शिवाय त्या मोसमात एक यार्डावरून लिंच ५ वेळा धावला होता, टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) फक्त १.

मला खटकतो तो पास नव्हे, तो टाकलेली जागा. मधल्या गर्दीत! प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने सिअ‍ॅटलच्या कर्सला जागीच रोखून धरलं, आणि न्यू इंग्लंडचाच नवखा माल्कम बटलर, ज्याच्यासाठी पास होता त्या लॉकेटच्या आधी चेंडूवर पोहोचला. त्याचं श्रेय बटलरला द्यायलाच हवं.