ॲन्युइटीवरचा राग मान्य, पण कुठल्या ॲन्युइटीवरचा?

नमस्कार. एकरकमी पैसे विमा कंपनीला देऊन मरेपर्यंत ठरावीक उत्पन्न घ्यायचं, ती ॲन्युइटी. ती घ्या म्हणणाऱ्या माझ्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ॲन्युइटी म्हणजे जन्मभराची पुंजी विमा कंपनीच्या हवाली करून सहा-साडेसहा टक्क्यांवर गप्प बसणं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के मिळत असताना मी कंपन्यांची भलामण करतो आहे. मरेपर्यंत ठरलेले पैसे लोकांना नकोच असतात; एफडी पुरे.

तुम्ही धरलेला दर 'मूळ रक्कम वारसांना परत' या पर्यायाचा आहे. त्यात तुमच्यामागे सगळे पैसे मुलांना जातात, म्हणजे कंपनी तुम्हाला जेमतेम व्याज देते. ही नावापुरती ॲन्युइटी, आणि तिच्यावरची तुमची टीका मला मान्य. पण एजंट पुढे करतो ती बहुधा हीच. "दोन वर्षांत गेलो तर पैसे बुडाले" या भीतीपोटी लोकही हीच घेतात. रक्कम परत न मिळणाऱ्या पर्यायात लवकर गेलेल्यांचे पैसे नव्वदी गाठणाऱ्यांच्या कामी येतात. म्हणून तिथे दर चढा असतो आणि घेणाऱ्याचं वय जास्त तसा आणखी चढतो. साठीला घाई करण्यापेक्षा सत्तरीत घ्या, असं मी म्हणतो ते यामुळेच.

बचत योजना उत्तमच; आधी तीच भरा. पण मर्यादा 30 लाखांची, मुदत पाच वर्षांची. एप्रिल 2020 मध्ये तिचा दर 8.6 वरून एकदम 7.4 वर आला होता. त्या सुमारास ज्यांची मुदत संपली, त्यांना विचारा.

तुम्ही महागाईचा मुद्दा काढला असतात तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. सहा टक्के महागाई धरली, तर महिना 10 हजारांची ठरावीक ॲन्युइटी वीस वर्षांनी आजच्या तीन हजारांच्या मोलाची उरते. वर कर पूर्ण रकमेवर, त्यात तुमचंच मुद्दल परत येत असलं तरी! हा नियम मला अन्यायाचाच वाटतो.

पण मरेपर्यंत ठरलेले पैसे लोकांना नको असतात, हे मात्र पटत नाही. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, ते याच हमीसाठी, तीही महागाई भत्त्यासकट. स्वतःच्या पीएफमधून तिची किंमत मोजायची म्हटलं की हात आखडतो, इतकंच.

आणि तुम्ही स्वतः बँकेतून निवृत्त, पेन्शन चालू, असं लिहिलं आहेत. म्हणजे भत्त्यासह वाढणारी ॲन्युइटी तुमच्या खात्यात दरमहा येतेच आहे. "एफडी पुरे" हा सल्ला तुम्ही देताय तो मात्र कारखान्यातून निवृत्त होऊन ईपीएसचे (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे) महिना दोन-तीन हजार घेणाऱ्या माणसाला.