ग्वाल्हेरच्या उन्हाला दोह्याचा उपाय लागू नाही

महाराज बाड्यावर आणि लष्कर भागातल्या इतर गर्दीच्या चौकांत पाण्याचे तुषार सोडणारे पंखे बसवावेत की नाही, हा वाद आमच्या ग्वाल्हेरच्या घरी दर उन्हाळ्यात निघतो. काकांचे म्हणणे असे, की आखाती देश उद्यानेसुद्धा गार करतात, मग ४५ अंशांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या हातगाडीवाल्याला चार पंखे देताना आपणच का कचरावे. आत्याला मात्र उघड्या आभाळाखाली वीज जाळणे ही शुद्ध उधळपट्टी वाटते. मी बरीच वर्षे कतारच्या राजधानीत, दोह्यात, नोकरी करत असल्यामुळे दोघेही मलाच साक्षीला बोलावतात. माझे मत दोघांच्याही बाजूने पूर्णपणे पडत नाही.

दोह्यात जे केले जाते ते खरोखर थक्क करणारे आहे. ‘कतारा’ या तिथल्या सांस्कृतिक संकुलाच्या खुल्या बाजारपेठेत जमिनीतल्या जाळ्यांमधून गार हवा वर येते. २०२२ मध्ये उघडलेल्या उम्म अल सनीम उद्यानात सुमारे ११०० मीटर लांबीची चालण्या-धावण्याची वाट वातानुकूलित केलेली आहे. फुटबॉल विश्वचषकाच्या स्टेडियमांमध्ये आसनांखालून गार हवा सोडली, छताचा आकार असा ठेवला की बाहेरचा गरम वारा आत उतरू नये, आणि तीच हवा खेचून पुन्हा गार केली. ही सारी व्यवस्था नैसर्गिक वायूवर उभी आहे. देशाची बहुतेक वीज त्या वायूपासून तयार होते आणि कतारच्या नागरिकांना ती फुकट मिळते. शिवाय वातानुकूलन उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून दुसरीकडे टाकते. भिंती नसलेल्या जागेत गार हवा वाहून जाते, बाहेर टाकलेली उष्णता त्याच शहरात राहते आणि यंत्राला तेच काम अखंड करत राहावे लागते. ग्वाल्हेरने हे करू नये, याबाबत आत्याचे बरोबर आहे.

पण तुषारांचे पंखे म्हणजे वातानुकूलन नव्हे, आणि इथे आत्याचा हिशेब चुकतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषून घेते. ताशी १० लिटर पाणी उडाले, तर तो गारवा जवळजवळ दोन टनांच्या एसीइतका भरतो, आणि त्यासाठी फक्त पंप व पंखा चालवण्यापुरती वीज लागते. आपला डेझर्ट कूलर दीडदोनशे वॅटवर खोली गार करतो आणि दीड टनाचा एसी दीड हजार वॅटपर्यंत वीज घेतो, तो याचमुळे. मे महिन्यात ग्वाल्हेरला ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑगस्टमधल्या दोह्याच्या रात्री ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा हीच मर्यादा ३० अंशांवर येते, म्हणजे फवारा मारून अंग फक्त चिकट होते. दोह्याला यंत्रे घ्यावी लागली त्यामागे पैशाइतकाच समुद्राचा दमटपणाही आहे. आपली लू कोरडी आहे, आणि वाळ्याचे पडदे भिजवणाऱ्या आपल्या आजी-पणजींना तिचा हा उपयोग चांगला ठाऊक होता. अर्थात जुलैत पाऊस लागला की हे पंखे बंद करावेत, कारण घरोघरचे कूलरही तेव्हा निरुपयोगी ठरतात.

मग अडचण कुठे आहे? पाण्यात. तुषार श्वासावाटे छातीत जातात, म्हणून सांडपाणी प्रक्रिया करून वापरणे मला धोकादायक वाटते. पाणी पिण्याच्या दर्जाचेच हवे आणि टाक्या नियमित धुतल्या पाहिजेत. एक पंखा ताशी २० लिटर पाणी घेतो आणि दिवसाचे सहा तास चालतो असे धरले, तर ४० पंख्यांना रोज ४८०० लिटर, म्हणजे साधारण एक टँकर पाणी लागेल. हा आकडा भयंकर नाही. पण पाऊस कमी झाल्यावर तिघरा धरण आटून एक दिवसाआड नळ येण्याची पाळी ज्या शहरावर आलेली आहे, तिथे कोणत्या वस्तीचा टँकर कमी करून हे पाणी येणार, याचे उत्तर आधी मिळायला हवे. वाऱ्यावर अर्धे तुषार उडून जाणाऱ्या मोकळ्या चौकात तर हे पाणी घालवूच नये.

दोह्याकडून घ्यायचेच असेल, तर मी वेगळ्या दोन गोष्टी सुचवीन. एवढी थंड स्टेडियमे बांधूनही विश्वचषक शेवटी २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खेळवला गेला. वेळ बदलण्याला वीज लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे २०२१ चा नियम: १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद, आणि ऊन, वारा व दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला, तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे. उद्यानातली गार वाट फिरायला आलेल्यांच्या वाट्याला येते, बांधकामावरच्या मजुराला या नियमाचाच आधार असतो. त्या मजुरांत आपल्या देशाची माणसे किती आहेत हे दोह्यात राहून रोज दिसते, म्हणून उद्यानापेक्षा या नियमाचे मोल मला जास्त वाटते.

म्हणून काकांना माझे सांगणे असे आहे, की आधी सावली मागा. सिग्नलवर आणि भाजीबाजारात जाड कापडाची छते, बसथांब्यांवर पत्र्याऐवजी कमी तापणारे छप्पर, रस्त्याच्या पश्चिम बाजूला कडुनिंब, आणि बांधकामांवर दुपारची सक्तीची सुट्टी. त्यानंतर तुषारांचे पंखे जरूर बसवा, पण जिथे माणसांना तासन् तास थांबणे भाग पडते तिथेच: सरकारी रुग्णालयांच्या बाहेरच्या रांगा आणि बसस्थानकाच्या तीन बाजूंनी आडोसा असलेल्या शेड, तेही एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत. बाड्यावर मला छत आणि पाणपोया हव्यात, पंखे नकोत.