टक्कल मामाकडून येतं? भाच्याला आलेल्या मेसेजचं उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता भाच्यानं एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ : "मामा, हे खरं हाय काय?" पोरगा एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी घरी गेलो तेव्हा त्यानं दार लोटून वहीचं एक पान उघडलं. उशीवरचे आणि मोरीच्या जाळीतले केस चार दिवस वेचून त्यात ठेवलेले, बाजूला पेन्सिलीनं रोजचा आकडा : ६३, ७१, ५८, ८०. माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या आकड्यांत घाबरण्यासारखं काहीच नाही. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे धडधाकट माणसाचंच आहे.

आता मेसेज. तो म्हणतो, विशीत केस जातात ते क्लोरीनच्या पाण्यानं, हेल्मेटनं, व्यायामानं आणि 'वीर्यनाशा'नं. घराण्यातून आलंच तर टक्कल फक्त मामाकडून येतं. डॉक्टरच्या गोळ्यांनी माणूस कायमचा नामर्द होतो. आणि उपाय एकच, अमुक तेल, नव्वद दिवस.

पाण्याचं आपल्या कोल्हापुरात लगेच पटतं, कारण पंचगंगेबद्दलच्या आपल्या तक्रारी खऱ्या आहेत. पण माझ्या वडिलांचं कपाळ मागं सरकलं ते पंचगंगेच्या पाण्यावर, आणि काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं आलं ते २०२३ च्या दिवाळीत. त्यानंतरही पोरांचे केस जातातच. शिवाय बादलीतलं पाणी मानेवरच्या केसांवरही पडतं की! ते केस म्हातारपणापर्यंत टिकतात आणि कपाळावरचे, टाळूवरचेच जातात. पाणी असं निवडून केस पाडत नाही. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, एवढं खरं. मूळ कातडीच्या आत असतं.

मेसेजमध्ये बुलढाण्याचा दाखलाही दिलाय. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका-पोरांसकट लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात आले, ते खरंच. आधी संशय पाण्यावरच गेला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. पण त्यातल्या अनेकांना केस परत येऊ लागले. पोराचं कपाळ दोन-तीन वर्षांत हळूहळू मागं सरकणं ही वेगळीच गोष्ट आहे. दोन्ही एका दावणीला बांधू नयेत.

हेल्मेटनं मुळांची हवा बंद होते म्हणे. मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, वाऱ्यातून नाही. भाचा रोज शिरोलीवरून हायवेनं कॉलेजला जातो आणि गेले पंधरा दिवस तो हेल्मेट डिकीत ठेवत होता. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

व्यायामाचंही तसंच. तालमींच्या या गावात जोर-बैठका मारून टक्कल पडलं असतं तर गंगावेस तालमीत केस असलेला पैलवान दिसला नसता. मात्र काही जिममध्ये अंग भरायला स्टेरॉइडची इंजेक्शनं चोरून दिली जातात. ज्याच्या अंगात टकलाची प्रवृत्ती आहे त्याचे केस त्यानं लवकर जाऊ शकतात. मेसेजनं हे लिहायला हवं होतं.

मला खरा राग आलाय तो 'वीर्यनाशा'च्या ओळीचा. या एका ओळीमुळं पोरं केसांबद्दल घरात तोंड उघडत नाहीत. आपण काहीतरी पाप केलं आणि ते आता कपाळावर सगळ्यांना दिसतंय, असं त्यांना वाटतं. भाच्यानं दार का लोटलं ते मला तेव्हा कळलं. हस्तमैथुनानं टक्कल पडतं याला काडीचा आधार नाही. अमेरिकेतले संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) दिल्यावर मात्र पडू लागतं, तेही मुख्यतः घराण्यात टक्कल असलेल्यांना. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. काही जणांच्या कपाळावरची आणि टाळूवरची मुळं त्याला जन्मतःच जास्त संवेदनशील असतात. ती आक्रसत जातात, जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग लव. सलूनच्या दिव्याखाली कपाळाच्या कोपऱ्यापाशी किंवा टाळूवर भांग पाडून बघितलं की जाड केसांत मिसळलेली ती लव डोळ्यांना दिसते. पोराच्या वागण्याचा यात काही संबंध नाही.

आता माझ्यावरचा आरोप. त्यात अर्धं तथ्य आहे. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स आईकडून मिळतं. माझ्या आईकडून जे मला आलं तेच बहिणीमार्फत भाच्याला गेलेलं असू शकतं. पण टकलाशी नातं असलेली जनुकं इतर गुणसूत्रांवरही पुष्कळ आहेत, ती आई-बाप दोघांकडून येतात. दाजींचं डोकं पस्तिशीतच मोकळं झालं होतं, ते मेसेजवाल्याला कुठं ठाऊक? आणि मामाचे केस शाबूत म्हणून निर्धास्त राहिलेली पोरंही मी पाहिली आहेत.

गोळ्यांबद्दल लोक उगाच घाबरत नाहीत, म्हणून जरा सविस्तर. फिनास्टेराइड डीएचटी बनणं कमी करतं. १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत केसांसाठी मंजुरी १९९७ मध्ये मिळाली. चाचण्यांत कामेच्छा कमी झाल्याची तक्रार शंभरात सुमारे दोघांनी केली, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही एखाद्यानं केली. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर सुरळीत होतं. पण काहींनी त्रास नंतरही राहिल्याचं सांगितलंय, आणि मन खचणं, आत्महत्येचे विचार येणं याबद्दलचे इशारेही आहेत. म्हणून ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, डोक्याला लावायला अमेरिकेत १९८८ पासून. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यानं केस जास्त गळतात. मी बाविसाव्या वर्षी तिथंच घाबरून बाटली फेकली आणि एका क्लिनिकच्या पॅकेजवर पहिल्या नोकरीचे चार पगार घातले. चार-सहा महिने धीर धरावा लागतो, आणि सोडलं की मिळालेलं जातं, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

राहिलं नव्वद दिवसांचं तेल. "मला फरक पडला" म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतात. डेंग्यू, टायफॉइड, उपासमारीचं डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप भरून येतात. त्या काळात जे तेल चोपडलं त्याला श्रेय मिळतं. कांद्याच्या रसाचा जो अभ्यास सगळे सांगतात तो २००२ चा, छोटा, आणि चाई पडलेल्या लोकांवरचा. चाई हा वेगळा आजार.

भाच्याला गणपतीत डेंग्यू झाला होता आणि पोरगा केस मोजायला लागला दिवाळीनंतर. म्हणजे हे डेंग्यूचं असेल, आमच्या घराण्याचं असेल, किंवा दोन्ही. ते मीही सांगू शकत नाही आणि मेसेजही नाही. त्वचेचे डॉक्टर भिंगातून मुळं बघून सांगतात. सोमवारी सकाळी सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला आम्ही दोघं जातोय, आणि बहिणीला त्यानं काल रात्री स्वतःच सांगितलं.