मगे कॉम्प्युटरात काढ

चतुर्थीला तीन आठवडे उरले की भजनी मंडळाला आठवतं, यंदा गजर रेकॉर्ड करायचाय. मे महिन्यात आठवत नाही, तेव्हा आंबे असतात. बरोबर श्रावणात, पत्र्यावर ताशा वाजायला लागला की पखवाज, पेटी, झांज, चकवा आणि आठ माणसं घेऊन बुवा दारात. माझ्याकडे एक लॅपटॉप, दोन माइक लागणारा ऑडिओ इंटरफेस आणि रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. मंडळाच्या लेखी हा स्टुडिओ.

या स्टुडिओवर त्यांची श्रद्धा गणपतीखालोखाल. कोरसमधला खोकला, पडवीतला कुत्रा, तिसऱ्या कडव्यात सुटलेला सूर, सगळ्यांवर एकच उतारा: "ऱ्हवांदे, ता मगे कॉम्प्युटरात काढ."

कॉम्प्युटरातून काय निघतं ते सांगतो. पंखा निघतो. पंख्याचा आवाज एकसुरी असतो, त्याचा दोन सेकंदांचा नमुना नॉइज रिडक्शनला दाखवला की ते त्याला बऱ्यापैकी ओळखून दाबतं. पाऊस निघत नाही. सर येते, ओसरते, पुन्हा कोसळते. दाखवलेला नमुना पुढच्या मिनिटाला खोटा ठरतो. शिवाय पत्र्याचा तडतडाट आणि बुवांच्या 'स'-'श'ची धार एकाच पट्ट्यात बसलेली. हट्टाने दाबत गेलं की पाऊस राहतो तिथेच आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. पाऊस काढायला जावं तर बुवा विहिरीत.

म्हणून पत्र्याची पडवी बाद. माजघरात, माळ्याच्या खाली बसायचं. वर भाताची पोती असतील तर उत्तम. चिऱ्याच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात, तिथे दोरीवर गोधड्या टाकायच्या, भिंतीपासून वीतभर सोडून. कोणीतरी अंड्यांचे ट्रे घेऊन येतोच. ते बाहेरचा आवाज थोपवत नाहीत आणि आतलाही फारसा शोषत नाहीत. त्यांचा उपयोग अंडी ठेवायला.

मग हमिंग. चार्जर लावला की स्पीकरमधून 50 हर्ट्झची घुंईं सुरू होते, कारण जुन्या घरात तीन पिनांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं, अर्थिंग नावापुरतं. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की बहुतेक वेळा ती जाते. लाइट गेली तरी मग बिघडत नाही, फक्त इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा हवा. इन्व्हर्टरवर मात्र भरवसा ठेवू नका. स्वस्तातला असेल तर तो स्वतःच एक वाद्य असतो.

कंडेन्सर माइक या हवेत रुसतो. आत ओल शिरली की मोहरी तडतडल्यासारखा आवाज देतो. काम झालं की त्याला हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपवायचं. माझं मत विचाराल तर श्रावणात बुवांसमोर साधा डायनॅमिक माइक ठेवावा. त्याला 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे इंटरफेसने वायरीतून द्यायची वीज, लागत नाही आणि शेजारच्या घरातली फोडणीही त्याला ऐकू येत नाही. तोंडापासून चार बोटं ते वीत. त्याहून जवळ गेलं की खर्ज उगाच फुगतो, आणि बुवांना नेमकं तेच आवडतं.

लेव्हल लावताना "बुवा, जरा गावा" म्हटलं की बुवा रूपाचा अभंग गुणगुणतात. त्यावर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, लावलात तर फसलात. शेवटच्या गजराला हाच माणूस दुप्पट सुटतो आणि मीटर लाल. एकदा शून्याला आपटून कापली गेलेली लाट कॉम्प्युटरात जुळत नाही. आधी गजर गाऊन घ्यायचा आणि सर्वांत जोराच्या जागेला काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं. रेकॉर्डिंग 24 बिटचं असेल तर कमी लेव्हलने काही नासत नाही.

आता खरा छळ. दोनच इनपुट, त्यामुळे आधी पेटी आणि पखवाज, मग त्यावर बुवा, मग कोरस, शेवटी झांज आणि चकवा. बुवांना हेडफोन घातला की दुसऱ्या ओळीला ते थांबतात: "माझ्या मागसून कोण गाता?"

बुवाच गातात. लॅपटॉप आवाज घोटाघोटाने पितो, त्या घोटाला बफर म्हणतात. 1024 सॅम्पलचा बफर, 48 किलोहर्ट्झचा प्रोजेक्ट, म्हणजे आत जाताना सुमारे 21 मिलिसेकंद, बाहेर येताना तेवढेच. एवढ्या उशिराने स्वतःचा आवाज कानात आला की माणूस लय धरून गाऊ शकत नाही. बफर 128 केला तर एका बाजूचे पावणेतीन मिलिसेकंदच होतात, पण मग अशक्त लॅपटॉप कडकड वाजायला लागतो. त्यासाठी ऑडिओ डिव्हाइसमध्ये इंटरफेसचा स्वतःचा एसिओ (ASIO) ड्रायव्हर निवडायचा आणि जड प्लगइन बंद ठेवायचे. त्याहून सोपं, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबायचं. मग बुवांचा आवाज लॅपटॉपची वारी न करता सरळ हेडफोनात जातो. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग मात्र बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन बुवा ऐकू येतात. एक पुरे असतो.

क्लिकचा, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या ठोक्याचा नाद मी सोडलाय. गजर मिनिटाला 90 ठोक्यांना सुरू होतो आणि 140 ला संपतो, मधे कुठे वाढला ते पखवाजीही सांगू शकत नाही. पहिला टेक पेटी-पखवाजाचा मोकळा घ्यायचा, तोच सगळ्यांचा क्लिक.

पण तो एका दमात घ्यायचा. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असेल तर ती टेकागणिक सुकते आणि तसतसा धुमाचा सूर चढतो. उजवीकडची पुडी ओल्या हवेने ढिली पडून उतरते. पहिल्या टेकमधलं कडवं आणि पाचव्यातला गजर जोडायला गेलात तर तो दोन गावांतला पखवाज वाटतो. दर टेकआधी सूर पेटीशी ताडून बघा, कणकेला पाण्याचा हात लावा.

आणखी एक: 48 किलोहर्ट्झला रेकॉर्ड झालेली फाइल 44.1 ची समजून वाजली, तर गाणं रेंगाळतं आणि सुमारे दीड अर्धस्वर खाली जातं. काळी एकची पेटी पांढरी एक आणि तिच्याखालची सात यांच्या फटीत वाजते, जिथे पेटीला पट्टीच नाही. पहिल्याच दिवशी सगळीकडे 48 लावून मोकळं व्हा.

मिक्सिंगला मंडळ पाठीमागे बसतं. प्रत्येकाला स्वतःचा ट्रॅक वर हवा. झांजवाला बोलत नाही, कारण झांज प्रत्येक माइकमध्ये आधीच असते. म्हणून तर ती शेवटी, वेगळी घ्यायची. बुवांचा ट्रॅक 80 हर्ट्झखाली कापायचा, 250 च्या आसपासची गढूळता दोन-तीन डेसिबलने उतरवायची, जोराच्या जागा दाबणारा कॉम्प्रेसर तीनास एक. हे कोणाला दिसत नाही. दिसतो तो इको. "वायच इको घाल" म्हणजे मंडपातल्या मिक्सरचं ते एकच बटण, पूर्ण उजवीकडे. मी रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवतो, फक्त बुवा आणि कोरस तिकडे पाठवतो. चुकून झांज पाठवली की मोरीत भांडी पडतात.

शेवटी आवाजाला वरची हद्द घालणारा लिमिटर, कमाल उणे 1 डेसिबल, आणि फाइल तयार. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, नाहीतर वाटेत पिळून निघते. बुवा ती ऐकतात पत्र्याच्या पडवीत, भर पावसात, मोबाइलच्या स्पीकरवर.

"पखवाज खंय गेलो?"

गेला नाही. तेवढ्याशा स्पीकरला धुमाचा खर्ज पेलवत नाही. त्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम केलेली हलकी खरखर, घातलं की वरचे स्वरांश उमटतात आणि कान खालचा धूम स्वतः जुळवून घेतो. परत लॅपटॉप उघडतो, घालतो, पाठवतो. अर्ध्या तासाने उत्तर येतं: "आता बरो वाजता. इको वायच कमी पडलो."