बाळंतविडा, तुटलेली सुई आणि ‘आपण घरचेच’

आमच्याकडे सुई तुटली की काम थांबतं. मशीनवालीने हात वर करायचा, तुकडे गोळा करायचे, ते वहीत सेलोटेपने चिकटवायचे. तुकडे जुळून सुई पुरी होते का ते मी बघते आणि मगच तिला नवी सुई देते. टोक सापडलं नाही तर तिच्या टेबलावरचा सगळा माल बाजूला काढायचा आणि एकेक नग धातू शोधणाऱ्या डिटेक्टरखालून न्यायचा. गेल्या श्रावणात दोन मिलिमीटरच्या टोकासाठी आम्ही पाऊण तास फरशीवर लोहचुंबक फिरवत होतो. शेवटी ते मास्टरच्या चपलेच्या तळाला रुतलेलं सापडलं.

पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूला आमचा कारखाना आहे. चौतीस माणसं, त्यांत सव्वीस बायका. आम्ही बाळंतविडे शिवतो: झबलं, टोपडं, कुंची, दुपटी, लंगोट. चेकिंग माझ्याकडे असतं. बटण असलंच तर नऊ किलोच्या ओढीला दहा सेकंद टिकायला हवं, पण शक्यतो आम्ही बटण लावतच नाही, आपले जुने बंद बरे. शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाच्या अंगाला काचत नाही. ही काही आमची अक्कल नव्हे, घरोघरच्या आज्या हेच करायच्या. त्यांच्याकडे दहा वर्षं नेसून मऊसूत झालेलं लुगडं असायचं. आम्ही नवी मलमल चार वेळा धुऊन तो मऊपणा आणायचा प्रयत्न करतो, तरी आजीच्या लुगड्याची सर येत नाही ती नाहीच.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. माझ्या भाचीला अशाच एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय. जाहिरातीत लिहिलंय, ‘इथे सहकारी नसतात, इथे कुटुंब असतं.’ तिचा फोन आला, “मावशी, तू याच लाइनमध्ये आहेस ना? छान असेल ना गं, सगळं लहान मुलांचं म्हणजे?” फोनवर मला धड सांगता आलं नाही. मी म्हटलं, लिहून कळवते. मग वाटलं, इथेच लिहावं.

इथे येण्याआधी मी सहा वर्षं एका मोठ्या कंपनीत होते. नाव नको. बाबागाडीपासून दुधाच्या बाटलीपर्यंत सगळं विकायचे. रिसेप्शनला भिंतभर फोटो: आई बाळाला पाजतेय, खिडकीतून कोवळं ऊन येतंय. माझी मुलगी २०१८ ची. त्याच्या आदल्या वर्षीच प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली होती. ती मला पगारासकट पुरी मिळाली, उगाच खोटं कशाला बोलू? पण त्याच दुरुस्तीत असंही आहे की पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येऊ द्यायला हवं. या पन्नासात पुरुषही मोजायचे असतात, पुष्कळांना वाटतं फक्त बायका. आम्ही दोनशेच्या वर होतो. एचआरचं उत्तर ठरलेलं, “जागा बघणं चालू आहे.” मी राजीनामा दिला त्या दिवशीही जागा बघणं चालूच होतं. चार वेळा जायची मुभा होती, पण जायचं कुठे?

दूध काढायला मला सॅम्पलरूमची किल्ली मिळायची. आत छतापर्यंत खोकी, निम्म्या खोक्यांवर ब्रेस्टपंपाचं चित्र. दाराला आतून कडी नव्हती म्हणून मी दारालाच पाठ लावून बसायचे. एकदा सेल्समधला एक पोरगा बाबागाडीचं सॅम्पल न्यायला आला, त्याने दार ढकललं, मी किंचाळले. तो बिचारा पुढे आठवडाभर कॅन्टीनमध्ये माझ्याकडे बघायचा नाही.

कायद्याला ती कंपनी जुमानत नव्हती असंही नाही. दुधाच्या बाटल्या, बाळाची दूधभुकटी आणि दोन वर्षांखालच्या मुलांचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. मी तेव्हा कॅटलॉगचा मजकूर लिहायचे. माझं एकेक वाक्य वकिलाकडे जाऊन लाल शाईने रंगून यायचं. ‘पहिल्या दिवसापासून’ हे दोन शब्द चालतील की नाही यावर एकदा अख्खी दुपार गेली होती. गिऱ्हाइकाच्या बाळासाठी इतकं डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या माणसांना नोकरदार आईचं बाळ का दिसत नव्हतं? माझ्या मते उत्तर सोपं आहे. जाहिरात चुकली तर कुणीतरी तक्रार करणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाळणाघर बघायला कुणी फिरकत नव्हतं.

तर तिथून मी इथे आले. मालक-मालकिणीला इथे सगळे दादा-वहिनी म्हणतात. मला ताई म्हणतात. वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे दोन झोळ्या, एक लाकडी पाळणा, मुरमुऱ्यांचा डबा, आणि एक मावशी. सध्या सात पोरं आहेत, त्यांतली दोन नुसती रांगणारी. शिवायला आलेली आई मध्येच उठून वर जाते, पाजते, खाली येते. कुणी घड्याळ बघत नाही. कायद्याने दादांवर हे बंधन नाही. आमचा आकडा पन्नासाच्या खाली आहे, आणि कारखान्यांच्या जुन्या कायद्यात तीसहून जास्त बायकांची अट होती, तीही आम्हाला लागत नव्हती. वहिनींच्या पहिल्या बाळाच्या वेळी त्या स्वतः इथे कटिंग करायच्या, तेव्हापासून ही खोली आहे.

पहिल्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं होतं, स्वर्ग आहे रे. पुढचं लिहिताना हात जरा जड होतो, कारण दादा हे वाचणार आहेत.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका ओव्हरलॉकवालीला दिवस गेले. ती पीसवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन काम करायची, महिन्याला तेरा हजारांच्या आसपास सुटायचे. दादा म्हणाले, “काळजी करू नकोस, आपण आहोत ना.” आणि ते खरंच होते. दवाखान्यात वहिनी गेल्या, बाळंतविडा कारखान्यातला, तीन महिने दर महिन्याला आठ हजार खिशातून दिले. सगळ्यांनी दादांचं कौतुक केलं. मीही केलं.

मग एक दिवस तिची नणंद आली. दुसऱ्या कारखान्यात होती, नुकतीच बाळंत झालेली. तिने विचारलं, “हिला ईएसआयचं नाही मिळालं?” ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. नाही मिळालं, कारण पीसवाल्यांची नावं दादांनी त्यात घातलीच नव्हती. एकवीस हजारांपर्यंत पगार असला की पीसवालीचंही नाव त्यात जायला हवं. बाईचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन, म्हणजे तेरा हजारांवर दोघांचे मिळून ५२० रुपये महिना. ते आधीपासून भरले असते तर तिला सव्वीस आठवड्यांची पुरी मजुरी मिळाली असती, अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात. मिळाले चोवीस. वर दादांचे उपकार!

मी दादांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “ताई, मी तिला सख्ख्या बहिणीसारखी वागवली.” त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. पण बहिणीसारखी वागवल्यामुळेच तिने कधी विचारलं नाही की माझा नंबर कुठाय, माझी पावती कुठाय. दादाकडे कोण पावती मागतं? दादाकडे पगारवाढ तरी कोण मागतं? मी स्वतः दोन वर्षं मागितली नव्हती. वहिनींच्या हातचं पन्हं पिऊन झाल्यावर ‘माझा पगार कमी आहे’ हे तोंडातून निघतच नाही. करून बघा.

दादांच्या ऑफिसात एक छापील गोष्ट फ्रेम करून लावलेली आहे, लेगोवाल्यांची. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये खेळणी करायला सुरुवात केली. एकदा त्याचा मुलगा गॉटफ्रेड मोठ्या आनंदाने सांगत आला की लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वॉर्निश दिलं, पैसे वाचले. बापाने त्याला स्टेशनवरून सगळी बदकं परत आणायला लावली आणि उरलेला हात त्याने एकट्यानेच द्यायचा, रात्र झाली तरी, असं बजावलं. नवीन माणूस आला की दादा ही गोष्ट सांगतात. मलाही सांगितली होती, मलाही आवडली होती.

ईएसआयच्या भानगडीनंतर ती फ्रेम पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. रात्रभर जागायचं फर्मान निघालं ते मुलावर. तोच मुलगा पुढे त्या कंपनीचा मालक झाला. आमच्याकडे ऑर्डर अडली तर रात्री बसणारी बाई सकाळी मालकीण होत नाही, ती स्वारगेटला जाऊन बस पकडते. घरच्यासारखं राबायचं असेल तर वाटणीही घरच्यासारखी हवी की नाही? ती द्यायला कुणी बसलेलं नाही, आणि द्यावी असं मी म्हणतही नाही. कारखाना त्यांचा आहे, त्यांनी घर गहाण ठेवून उभा केलाय. मग आम्हाला नात्यापेक्षा नियम दिलेला परवडतो, एवढंच.

वरच्या खोलीचंही असंच झालं. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मोठी ऑर्डर आली. दुबईच्या आणि न्यू जर्सीच्या आज्या हल्ली बाळंतविडे ऑनलाइन मागवतात. तयार माल ठेवायला जागा पुरेना, तेव्हा खोकी हळूहळू पोरांच्या खोलीत शिरली. आधी एका कोपऱ्यात, मग पाळण्याखाली, मग झोळ्या सोडल्या. तीन आठवडे सात पोरं आणि मावशी जिन्याखालच्या पॅसेजमध्ये होती. कुणी काही बोललं नाही, कारण खोली आपल्याला दादांनी दिलेली. जी दिली ती गरज पडली तर घेतली, त्यात काय?

दोन बायकांनी त्या तीन आठवड्यांत पोरं गावाला आईकडे पाठवली. त्यांतलं एक अजून तिथेच आहे, आईला ‘आत्या’ म्हणतं.

सुईच्या वहीची मला तेव्हा आठवण झाली. सुईबद्दल आम्ही कुणाच्या चांगुलपणावर विसंबत नाही. मशीनवाली प्रामाणिक आहे, मास्टर सज्जन आहेत, मी दक्ष आहे, तरी तुकडे वहीत चिकटवायचेच. कारण चूक झाली तर ती बाळाच्या अंगात घुसते. हीच वही कारखान्यातल्या माणसांसाठी का नाही? मी दादांना हे असंच सांगितलं, हातात वही घेऊन. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सीएला बोलावून घेतलं.

आता पीसवाल्यांसकट सगळ्यांची नावं ईएसआयमध्ये आहेत. जिन्याजवळ एक टाइप केलेला कागद लावलाय, खाली दादांची सही आणि शिक्का. खोलीत माल ठेवायचा नाही. मूल आजारी असेल तर वर्षाला सहा दिवस पगारी, कारण सांगायची गरज नाही, फोन केला की झालं. हे पुरुषांनाही. ‘पुरुषांनाही’ या शब्दावर वहिनी अडून बसल्या होत्या, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. केंद्र सरकारी नोकरीत बापाला मूल झाल्यावर पंधरा दिवस मिळतात, खाजगीत त्याच्यासाठी कायदाच नाही. आमची ती आजारपणाची सुट्टी पहिल्यांदा घेतली मास्टरने, पोराला कांजिण्या आल्या तेव्हा. त्याआधी दर वेळी त्याच्या गावाला कुणाचं तरी लग्न निघायचं. आम्ही म्हणायचो, काय हो मास्टर, गाव आहे की मंगल कार्यालय!

पगाराचं मात्र अजून कागदावर आलेलं नाही. दादा म्हणतात ‘बघू’. मी दर महिन्याला विचारते.

तर भाचीबाई, मुलाखतीला जरूर जा. काम छान आहे. सगळ्यांत लहान मापाचं झबलं पहिल्यांदा हातात धरशील तेव्हा कळेल, एवढं इवलं असतं ते. पण ‘कुटुंब’ म्हणाले की नुसती हसू नकोस. विचार की पाळणाघर कुठे आहे, आणि जाऊन बघ. आत खोकी आहेत का ते बघ. पीसवर किती बायका आहेत आणि त्यांचे ईएसआय नंबर आहेत का ते विचार. एखाद्या बापाने मुलाच्या आजारपणाला शेवटची सुट्टी कधी घेतली तेही विचार. समोरच्याला राग आला तर मला फोन कर. आमच्याकडे चेकिंगला एक जागा होतेय, पगार फार नाही, आधीच सांगते.

यंदाच्याही दिवाळीच्या ऑर्डरी आल्यात. आज संध्याकाळी वर गेले तर पोरांच्या खोलीच्या दाराशी दोन खोकी. कुणी ठेवली माहीत नाही. मी बोलणार तेवढ्यात तीच आमची ओव्हरलॉकवाली मागून आली, कडेवर पोर होतंच, पायानेच तिने खोकी जिन्यापर्यंत ढकलली आणि खाली ओरडली, “दादा, कागद वाचा!”