मेंढरं हाकलणाऱ्या पोरांनो, जरा ऐका

सकाळी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. गायरानाच्या कडेला धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडासकट फिरणारा तांडा, उतरलेला, घोड्यावर बाजलं, बाजल्यावर कोंबड्या आणि एक लेकरू. आपली तीन-चार पोरं मोटारसायकली आडव्या लावून त्या बाईला शिव्या द्यायलेत. खाली अंगठ्यांची रांग. "ह्यांच्या मेंढरांनीच डोंगर बोडका केला" म्हणे. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायलोय. लांबलं तर लांबू द्या.

डोंगर मेंढरांनी बोडका केला? आणि मुरूम कुणी नेला? रातच्याला टिप्पर कुणाचे चालतात त्याचा व्हिडिओ ग्रुपवर कधी येत नाही. शिव्या द्यायला पायी चालणारं माणूस सोपं असतंय.

आमचं रान बालाघाटच्या पठारावर, पाटोद्याकडं. होळीच्या आसपास शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की एक धनगर मामा वाडा घेऊन यायचे. आमचे आण्णा स्वतः जाऊन आवतण द्यायचे, कारण उशीर केला की दुसरा कुणी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचा. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, मेंढरं आत, दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या पट्ट्यात. रान सरेपर्यंत असंच. बदल्यात पायलीनं ज्वारी आणि घरचं कालवण. एका वर्षी चुलत्यांनी ज्वारी द्यायला कां-कूं केलं. "लेंड्यांनी काय होतंय" म्हणाले. मेंढरं आमच्या बांधापर्यंतच बसली, त्यांच्या रानात नाही. पुढच्या हंगामात बांधाच्या अलीकडं काळीभोर ज्वारी, कणसं बघून माणसं थांबायची, आणि पलीकडं पिवळी पडलेली. एकच माती, एकच पाऊस, एकच बियाणं. चुलते त्या वर्षी आमच्या बांधावरून जायचंच टाळायचे.

लेंडी जागेवर पडते, मूत जागेवर मुरतं. ना गाडी लागते ना मजूर. आज आपण पावणेतीनशेची युरियाची गोणी आणतो. त्यात 46 टक्के नत्र असतं, कबूल, पण मातीला खायला काय देतो? माती परीक्षणाचा कागद काढून बघा. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेण-पालापाचोळा कुजून मातीत येतो तो, अर्ध्या टक्क्याच्या आत नसला तर मला सांगा.

आता गवताचं. गवताची वाढ शेंड्यातून होत नाही, बुडातून होते. म्हणून वरून खाल्लं तरी ते फुटतं, उलट फुटवे वाढतात. गाय जिभेनं वेटाळून तोडते, बोट-दोन बोट बूड राहतं. मेंढी ओठानं पार जमिनीलगत खुडते. शेळी मान वर करून बोरी-बाभळीकडं बघते, शेंगा खाते आणि बी लांब नेऊन टाकते. तिघांची तोंडं वेगळी, म्हणून त्यांचं रानही वेगळं पाहिजे. घात होतो तो तेच बूड फुटायच्या आत पुन्हा पुन्हा खाल्लं गेलं की. मुळं आखडतात, मारवेलसारखं चांगलं गवत जातं, हलकी कुसळी उरते, मग तीही जाऊन तरोटा आणि गाजरगवताचं तण. ह्याला कुणीही तोंड लावत नाही.

हे मामांना कुणी कृषी विद्यापीठात शिकवलं नव्हतं. "आमचं एकच, पाय थांबू द्यायचा न्हाई" म्हणायचे. वळवाचा पहिला सपका आला की काळ्या रानातून वाडा हलवायचे, आण्णांनी आग्रह केला तरी. ओल्या काळ्या मातीत खूर रुतला की ती डांबरी रस्त्यासारखी दाबून बसते, पुढं पाणी मुरत नाही. मग सगळी मेंढरं बरड माळावर. आण्णा म्हणायचे, रान आपलं पण काळजी त्याला जास्त.

हां, नव्या रोपांत शेळ्या सोडल्या तर एक रोप राहत नाही, हे मलाही दिसतं. जालन्याकडं कडवंची गावानं पाणलोटाच्या, म्हणजे पाणी-माती अडवायच्या, कामात चराई बंद ठेवली आणि त्याचा फायदा झाला, हेही खरं. पण तिथं बाकीचं सगळं गावानं केलं, नुसता बोर्ड नाही ठोकला.

आपण काय केलं? माळावर खड्डे घेतले, रोपं लावली, फोटो काढले, तारेचं कुंपण ओढलं. पाणी कुणी घातलं नाही, रोपं वाळली. आत गवत वाढून तसंच वाळतंय. जुन्या काडीखाली नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि शिमग्याच्या सुमाराला कुणीतरी काडी टाकतं. उरलं ते जळतं. नाव मात्र मेंढरांचं. उरलेल्या गायरानात कुठं सौर पॅनल, कुठं पुढाऱ्याचं गोडाऊन. (भूमिहीनांनी पोटापुरतं कसलेलं गायरान ह्यात मोजू नका. त्यासाठी 1964 साली आंबेडकरी चळवळीतले पुढारी दादासाहेब गायकवाडांच्या मागं लोक तुरुंगात गेलेत.) सगळ्या वाटा बंद करायच्या, उरलेल्या तुकड्यावर कळप दाटीनं उभा राहिला की म्हणायचं, बघा, ह्यांनी माळ खाल्ला! फिरू दिलं असतं तर कशाला थांबले असते ते?

त्या पोरांतली दोन माझ्या मित्राचीच आहेत. वाईट नाहीत. शेतात मेंढरं बसलेली त्यांनी पाहिलीच नसतील, त्यांच्या वेळेला ऊस आला, रान कायम ओलं, मेंढरांना आत घ्यायची सोयच राहिली नाही. पण त्या बाईच्या पुढ्यात गाडी आडवी लावायला कुणी शिकवलं हो?

मामांचा वाडा गेली कित्येक वर्षं आमच्याकडं फिरकला नाही. पोरगं पुण्याकडं टेम्पो चालवतं असं ऐकलं.

असो. यंदा शाळू निघाल्यावर खालच्या रानात मेंढरं बसवायची आहेत. पाटोदा, भूम, आष्टीच्या अंगानं कुणाचा वाडा येणार असेल तर मेसेंजरवर कळवा. पाणी विहिरीचं, ज्वारी घरची, शिवाय रोख जो ठरेल तो. आणि ग्रुपवरचा तो व्हिडिओ ज्यानं टाकला त्यानं संध्याकाळपर्यंत काढावा, नाहीतर टिप्परचा माझ्याकडं आहे.